पंचनाम्यात रस्ता कुठे आहे?

भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून. रस्त्यावरच्या मरणाची बातमी मराठीत या शब्दांशिवाय पुरी होत नाही. फिर्यादीतली ओळ जशीच्या तशी वर्तमानपत्रात उतरते. तिच्या आगेमागे चालकाचं वय असतं, गाडीचा नंबर असतो, लावलेली कलमं असतात. पंचनाम्यात त्याहून बारीक तपशील मिळतो: टायर घासल्याची खूण, वाकलेलं हँडल, चार पावलांवर पडलेली चप्पल, फुटलेला डबा. त्या जागी रस्ता कसा आखलेला होता, एवढंच काय ते त्यात नसतं. वळण किती मोकळं होतं, सायकलवाल्याला जायला जागा कुठे होती, गाड्या तिथे कुठल्या वेगानं येतील हे कुणी ठरवलं होतं, याची नोंद घेणारा रकानाच त्या कागदावर नाही.

हे डोक्यात घोळायला निमित्त झालं एका बैठकीचं. पुण्यातल्या आमच्या भागात रस्ता रुंद व्हायचा आहे, त्यावर नागरिकांचं म्हणणं ऐकायला सगळे जमले होते. मी कामावर सायकलनं जातो, म्हणून विचारलं की नव्या आराखड्यात सायकलींसाठी काय आहे. उत्तर दिलं ते श्रोत्यांतल्याच एका निवृत्त अभियंत्यांनी. माणूस सज्जन, आवाज ठाम, आयुष्य रस्ते बांधण्यात गेलेलं. ते म्हणाले, "सायकलवाल्यांना आधी शिस्त लावा, हेल्मेट घाला म्हणावं. सायकल ट्रॅक बांधून झाले की पुण्यात, कुत्रं फिरकत नाही त्यांवर. आपल्या रस्त्यांना मुळात जागा नाही. आणि आपण काही हॉलंडात राहत नाही. आता सायकल चालवतं कोण?" टाळ्या पडल्या. माझं उत्तर तयार होतं, पण माईक फिरत माझ्यापर्यंत येईतो चहा आला, आणि पुण्यात चहापुढे कुठला वाद टिकतो? म्हणून तो इथे पुरा करतो. साहेबांची पाचही वाक्यं प्रामाणिक आहेत, हजारोंच्या मनातली आहेत, आणि पाचही चूक आहेत.

पहिलं शिस्तीचं. सायकलवाल्याला शिस्त लावायची हौस या शहराला जुनी आहे. एके काळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की चौकात पोलीस अडवी, डबलसीट दिसले की चाकातली हवा सोडी. एवढा बंदोबस्त असूनही त्या काळचे सायकलवाले आजच्याहून शहाणे होते असं मानायचं कारण नाही. दिवा विझलेला असे, मागे भाऊ बसलेला असे, आणि बोळातून स्वारी शीळ घालत बाहेर पडे. तरी बहुतेक जण घरी पोचत, कारण त्यांना येऊन धडकणारी वस्तू म्हणजे बहुधा दुसरी सायकल असे. चूक तेव्हाही होत होती. चुकीची शिक्षा गुडघा फुटण्यापुरती होती. आज त्याच चुकीला देहदंड आहे, आणि ही वाढ सायकलवाल्यानं केलेली नाही.

ती वेगानं केली आहे. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताशी ३० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीच्या चालकाला समोर काहीतरी दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला असं धरा. तेवढ्यात गाडी सव्वाआठ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटरवर थांबते. एकूण तेरा मीटर. तीच गाडी ताशी ५०नं येत असेल तर तेरा मीटर संपले तरी चालकाचा पाय ब्रेकवर पोचलेला नसतो. म्हणजे तीसच्या वेगात जिथे गाडी थांबली असती, तिथे पन्नासची गाडी पुऱ्या वेगानं आदळते, आणि आदळताना तिच्यातली ऊर्जा तीसनं धावणाऱ्या गाडीच्या पावणेतीनपट असते. सायकलवाला तोच, त्याची चूक तीच. मोबाइल कानाला असेल, हात दाखवायला विसरला असेल. एका रस्त्यावर तो शिव्या खाऊन घरी जातो, दुसऱ्यावर ससून रुग्णालयात.

हेल्मेट घालू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः घालतो. पण ते कशासाठी असतं ते समजून घालतो. युरोपीय मानकानुसार सायकलचं हेल्मेट तपासतात ते ताशी सुमारे २० किलोमीटरच्या आघातावर. म्हणजे आपण स्वतः तोल जाऊन पडलो, डोकं फरशीवर आपटलं, तर ते उपयोगी. डंपरचं मागचं चाक अंगावरून जातं तेव्हा त्या थर्मोकोलचा काय आधार? काँक्रीटचा मिक्सर डावीकडे वळताना शेजारचा सायकलवाला त्याला दिसतच नाही, तिथे डोक्यावर काय होतं हा प्रश्न गैरलागू आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतानं १९९० साली सायकलला हेल्मेटसक्ती केली, आणि त्यानंतरच्या मोजणीत सायकलवर दिसणारी शाळकरी मुलंच कमी झाली. नेदरलँड्समध्ये रोजच्या कामाला निघालेला क्वचितच कुणी हेल्मेट घालतो, आणि तिथली सायकल जगातल्या सुरक्षित सायकलींपैकी एक मानली जाते. त्या देशाकडे येईनच.

शिस्तीच्या युक्तिवादाला खरा उलटा पुरावा सरकारच्याच कागदांत आहे. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. रोजची साडेचारशेहून अधिक. त्यांत पायी चालणारे ३२ हजारांहून जास्त, सायकलवाले चार हजारांहून जास्त. याच सरकारनं राष्ट्रीय महामार्गांसाठी 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या केलेली आहे: साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत गंभीर वा प्राणघातक असे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. ही व्याख्या नीट वाचा. चालक दर वेळी नवा, मेलेला दर वेळी नवा, गाडी नवी, वेळ नवी. जागा तेवढी तीच. बेशिस्त माणसं ठरवून तीन वर्षं एकाच वळणावर येऊन मरत नाहीत. दोष जागेत असल्याची ही सरकारी कबुली आहे. आणि त्या कबुलीनंतर आपण करतो काय? पिवळा फलक लावतो: 'अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा'. विहिरीला कठडा बांधायचा सोडून 'येथे लोक पडतात' अशी पाटी लावण्यातला हा प्रकार.

उलट्या दिशेनं येणाऱ्या सायकलवाल्याचा राग सगळ्यांनाच येतो, कधी कधी मलाही. पण त्याच्या जागी उभं राहून पाहा. रस्ता एकेरी केला तो मोटारींचा खोळंबा टळावा म्हणून. मोटारीला एक किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन मिनिटं, अॅक्सिलरेटरवर थोडा दाब. सायकलवाल्याला तोच वळसा म्हणजे उन्हात, चढावर, पोटऱ्यांनी भरलेला दंड. बेल्जियमनं २००४ सालापासून बहुतेक एकेरी रस्ते सायकलसाठी दुहेरी ठेवले, तशा पाट्या आणि पट्टे लावले. जे लोक करणारच होते त्याला त्यांनी जागा आखून दिली. आपण तेच बेशिस्तीच्या खात्यावर टाकतो.

आता दुसरं वाक्य, ज्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. ट्रॅक बांधले, वापरत कुणी नाही.

बांधले, हे खरं. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेच्या पैशातून कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, झाली, तिच्या कडेनं सायकल ट्रॅक आले. नंतर इतर रस्त्यांवरही आले. या ट्रॅकांवर कुत्रं फिरकत नाही, हे मात्र अगदी खोटं. कुत्रीच काय, सगळे फिरकतात. सायकलवाला सोडून.

एकदा अभियंता साहेबांनी माझ्यासोबत यावं. ट्रॅक सुरू होतो तिथे पाच इंचांची पायरी असते, उतार नसतोच. सायकल उचलून वर ठेवायची. पेव्हर ब्लॉक बसवताना सरळ होते, केबलवाल्यांनी दोनदा खोदल्यावर त्यांची पाळंमुळं सुटली. पन्नास मीटरवर चेंबरचं झाकण, दोन इंच वर. पुढे महावितरणचा डीपी, बरोबर मधोमध. त्याला वळसा घातला की झाड, झाडाभोवती पार, पारावर माणसं. मग बसथांबा, आणि बस थांब्याला न लागता रस्त्याच्या मध्यात थांबते म्हणून ट्रॅकवर उभे प्रवासी. दुकानासमोर चार दुचाक्या. सोसायटीच्या गेटापाशी ट्रॅक खाली उतरतो आणि परत चढतो, उंटाच्या पाठीसारखा. हे सगळं पार करून आपण चौकात पोचतो. आणि चौकात ट्रॅक संपतो.

हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण सगळा वाद यात आहे. चौकात ट्रॅक संपतो. शहरातल्या सायकलवाल्याला खरा धोका जिथे असतो, जिथे गाड्या वळतात, एकमेकींना काटतात, सिग्नल सुटताच झेपावतात, नेमकं तिथेच त्याचं संरक्षण काढून घेतलं जातं. सरळ, मोकळ्या पट्ट्यात, जिथे तो तसाही कडेनं निभावून नेतो, तिथे त्याला लाल रंगाची फरशी. पूल नदीच्या दोन्ही काठांवर बांधायचा, पात्रात सोडून द्यायचा, आणि मग म्हणायचं, लोक पूल वापरत नाहीत, पोहतात.

चौकाचं शास्त्र अवघड नाही. कोपरा जितक्या मोठ्या त्रिज्येनं गोल केलेला, तितकी गाडी वेगात वळते. म्हणून 'फ्री लेफ्ट' नावाची आपली लाडकी सोय सायकलवाल्याच्या जिवावर उठते. सरळ जाणारा सायकलवाला डाव्या कडेला असतो, डावीकडे वळणारी मोटार उजवीकडून येऊन त्याला कापते. उपाय असा: कोपऱ्याची त्रिज्या कमी करायची, म्हणजे गाडीला वळताना चालण्याच्या वेगावर यावंच लागतं. कोपऱ्यावर उंचवट्याचं छोटं बेट करायचं, त्याच्या आतून सायकलची वाट न्यायची. सायकलची थांबारेषा मोटारींच्या पुढे ठेवायची, म्हणजे चालकाला ती माणसं काचेसमोर दिसतात. सिग्नलला चार-पाच सेकंद आधी सायकलवाल्याला सोडायचं. पादचारी आणि सायकल जिथे रस्ता ओलांडतात तो पट्टा फुटपाथच्या उंचीला आणायचा, म्हणजे गाडी चढून उतरेल, माणूस नाही. यात परदेशातून आणायची एकही वस्तू नाही. खडी, सिमेंट, रंग, आणि कागदावर पेन्सिल फिरवणारा अभियंता.

पुण्याला हे ठाऊक नाही असं नाही, आणि दुःख त्याचंच आहे. २०१६ साली पालिकेनं रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वं केली. डिसेंबर २०१७मध्ये सर्वसाधारण सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला: आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं, सव्वातीनशे कोटींहून अधिक खर्च. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली आल्या. पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकलींनी फुटपाथ भरले, पहिले काही महिने तरुण मुलं त्यांवर दिसली, आणि दोनेक वर्षांत त्या गायब झाल्या. निष्कर्ष छापून तयार होता: पुणेकरांना सायकल नको. आधी बोटी आणल्या, पाणी सोडायचं राहिलं, आणि दोष ठेवला नावाड्यांवर.

मुंबईतही कथा वेगळी नाही. वांद्रे–कुर्ला संकुलात सायकलमार्ग बांधला, तो पार्किंगखाली गेला, आणि शेवटी रस्ता रुंद करायला काढून टाकायचं ठरलं. पवई तलावाच्या काठानं सायकलमार्ग काढायला घेतला, तो मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२मध्ये बेकायदा ठरवला. या दुसऱ्या उदाहरणातली वृत्ती पाहण्यासारखी आहे. सायकलमार्ग कुठे करावा? तलावाकाठी. उद्यानात. नदीपात्रात. म्हणजे जिथे कुणाला कामावर जायचं नसतं अशा ठिकाणी. रविवारच्या फेरफटक्याला वाहतूक समजायचं, आणि सोमवारी कारखान्यात निघालेल्याला अडथळा.

रिकामा ट्रॅक म्हणून जे दाखवलं जातं, तो या निकृष्ट आखणीचा पुरावा आहे. स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं. २००६च्या सुमारास तिथे सायकल जवळपास नव्हतीच, एकूण फेऱ्यांच्या जेमतेम अर्धा टक्का. पालिकेनं तुकडे तुकडे न बांधता सुमारे ८० किलोमीटरचं सलग जाळं एकाच झपाट्यात केलं, २०१०पर्यंत ते १२० किलोमीटरवर नेलं. मार्ग मोटारींपासून उंचवट्यानं वेगळा, चौकातून अखंड, आणि त्यासाठी रस्त्याकडेच्या हजारो पार्किंगच्या जागा काढल्या. दिवसाच्या सहाएक हजार फेऱ्यांवरून सायकल सत्तर हजारांच्या घरात गेली. सेव्हिलचे लोक अचानक सद्गुणी झाले नाहीत. त्यांच्या घरापासून कामापर्यंतची वाट कुठेही न तुटता जोडली गेली.

सेव्हिल मी मुद्दाम निवडलं. कारण चौथ्या वाक्यातला 'हॉलंड' तिथे कोलमडतो. सेव्हिल युरोपातल्या सर्वांत उष्ण शहरांपैकी एक, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. 'आपल्याकडे ऊन फार' हे ज्यांचं उत्तर आहे त्यांनी तिथल्या जुलैत एक दुपार काढावी. पावसाचं म्हणाल तर हॉलंडात तो बारा महिने असतो. मुळात हॉलंडही आधी हॉलंड नव्हतं. साठच्या दशकात तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते, सायकली झपाट्यानं कमी होत होत्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' असं त्यांच्या आंदोलनाचं नावच होतं. पुढे १९७३चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि सरकारला दिशा बदलावी लागली. आज तिथे वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात. तेवढेही फार आहेत, आणि त्यांत म्हातारे सायकलवाले पुष्कळ असतात, हेही सांगायला हवं. पण हे वळण हवामानातून किंवा रक्तातून आलं नाही. आंदोलनातून, अंदाजपत्रकातून आणि नकाशातून आलं. साहेबांनी हॉलंडकडे बोट दाखवलं ते 'आपल्याला जमणार नाही' म्हणून. मला त्याच बोटानं दिसतं की पन्नास वर्षांपूर्वी त्यांनाही जमत नव्हतं.

तिसरं वाक्य जागेचं. इथे साहेबांनी निदान फूटपट्टी हातात घेतली, त्याबद्दल आभार. मीही घेतो. पुण्यातला २४ मीटरचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना मोटारींच्या दोन-दोन मार्गिका, प्रत्येकी ३.१ मीटर. शहरात याहून रुंद मार्गिकेनं फक्त वेग वाढतो. झाले १२.४. दुभाजकाला ६० सेंटिमीटर, एकूण १३. दोन्ही कडांना सायकलसाठी दोन-दोन मीटर, म्हणजे १७. सायकल आणि मोटार यांच्यात अर्धा-अर्धा मीटर उंचवटा, १८. फुटपाथ अडीच-अडीच मीटर, २३. एक मीटर उरला, झाडांना द्या. जागा पुरली. फक्त एक गोष्ट या हिशेबात बसली नाही: उभी मोटार.

तेव्हा 'जागा नाही' याचा खरा अर्थ 'पार्किंग हलवायची हिंमत नाही' असा आहे. चालत्या माणसाला दोन मीटर मिळत नाहीत, त्या रस्त्यावर दिवसभर न हलणाऱ्या लोखंडाला दोन मीटर फुकट मिळतात. पुण्याच्या सर्वसाधारण सभेनं २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. त्यावर ओरड झाली, अंमलबजावणी रखडली. पेठांमधले बोळ खरंच अरुंद आहेत, तिथे ट्रॅक मागणारा मूर्ख ठरेल. तिथे ट्रॅक लागतच नाही. वेग तीसच्या आत आणला, आरपार पळणारी वाहतूक बंद केली, की नारायण पेठेचा रस्ता हाच सायकलमार्ग. फेब्रुवारी २०२० मधल्या रस्तेसुरक्षेच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात हेच आहे: माणसं आणि मोटारी जिथे मिसळतात तिथे कमाल वेग ताशी ३०. त्यापुढे मर्यादेची पाटी लावून भागत नाही. रस्ताच असा आखायचा की तीसच्या वर जायला चालकाला संकोच वाटावा. हेलसिंकी शहरानं वेग उतरवत आणि रस्ते सुधारत जुलै २०२४ ते जुलै २०२५ असं वर्ष काढलं, ज्यात शहराच्या रस्त्यावर एकही माणूस मेला नाही.

राहिलं शेवटचं: आता सायकल चालवतं कोण? हा प्रश्न ज्या खुर्चीतून विचारला गेला तिथून खरंच दिसत नसेल. २०११च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार होती ४.७ टक्के घरांत. पहाटे पावणेसहाला बाहेर पडून पाहा. दुधाच्या पिशव्या, वर्तमानपत्रं, पाव-बटर, पाठीमागे चहाची किटली, कॅरियरला डबा अडकवून रात्रपाळीहून परतणारा वॉचमन. यातला एकही जण बैठकीला येत नाही, कारण बैठक सायंकाळी सहाला असते आणि त्याची पाळी सातला सुरू होते. शहराबाहेर जा. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देतं. उत्तम योजना आहे. मग तेच सरकार त्या गावाचा रस्ता चौपदरी काँक्रीटचा करतं, साइडपट्टी अर्धा फूट खाली खचलेली सोडतं, आणि उसाच्या ट्रॉलीमागून ऐंशीच्या वेगानं येणाऱ्या गाडीला त्या मुलीच्या दप्तराशी शर्यत लावून देतं. एका हातानं सायकल, दुसऱ्या हातानं तिची वाट काढून घेणं, यातला विरोधाभास मंत्रालयात कुणाला बोचत नाही, कारण दोन हात दोन वेगळ्या खात्यांचे आहेत.

साहेबांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करतो. ट्रॅक चांगला केला तर पहिली दुचाकी घुसेल, हे खरं आहे. खांब लावले तर दुचाकी कशीबशी निघते आणि दुधाच्या कॅनवाली सायकल, अपंगांची तीनचाकी अडकते. आखणीनं सगळं सुटत नाही, तिथे पोलीस लागतो, कॅमेरा लागतो, दंड लागतो. ट्रॅकवर बसलेल्या भाजीवाल्याला हुसकून लावणं हेही उत्तर नाही, त्याची जागा आराखड्यातच काढावी लागते. पण दुचाकी घुसते म्हणून ट्रॅक नको, हे म्हणणं चोर येतात म्हणून घर नको म्हणण्यासारखं झालं. आणि घुसणारा दुचाकीवाला का घुसतो, तेही पाहा. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा गट त्याचाच आहे. तोही मोठ्या गाड्यांना भिऊनच कडेला येतो.

कायदा मागे नाही. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. एका जिवाला एक लाख ही रक्कम लाजिरवाणी आहे, तरी तत्त्व मोठं आहे: रस्ता आरोपी होऊ शकतो. त्याच दुरुस्तीतल्या कलम १३८(१अ)नं पादचारी आणि सायकलींसारख्या वाहनांसाठी नियम करायचा अधिकार राज्यांना दिला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम सहा महिन्यांत करा असं राज्यांना बजावलं. सायकल चालवणाऱ्यांनी आता 'ट्रॅक द्या' एवढ्यावर थांबू नये. चौक आधी, ट्रॅक नंतर, असा आग्रह धरावा. एक मार्ग पुरा, न तुटणारा करा, मग दुसरा घ्या. शाळा, दवाखाने, पेठा तीसच्या आत आणा. रस्ता वाहतुकीला खुला करण्याआधी त्याची सुरक्षा तपासणी बांधणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून होऊ द्या, आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला द्या.

आणि एक मागणी अगदी स्वस्तातली. पंचनाम्यात एक रकाना वाढवा. सायकलस्वाराला चौकात स्वतंत्र जागा: आहे / नाही. डावं वळण: मोकळं / अडवलेलं. मार्गिकेची रुंदी: इतके मीटर. रस्त्याची आखणी कुणी केली, कुठल्या साली: नाव, हुद्दा. बांधणाऱ्याचं नाव त्या ओळीत आलं की पुढच्या चौकाचा नकाशा काढताना पेन्सिल दोन क्षण थांबेल, आणि 'शिस्त लावा' म्हणणारे साहेबही आपण आयुष्यभरात किती कोपरे गोल करून ठेवले ते एकदा मनाशी मोजतील. या रकान्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. हवालदाराकडे मोजपट्टी आहेच. टायरची खूण तो आजही वाकून मोजतो. जाता जाता चार पावलं पुढे जाऊन त्यानं कोपराही मोजावा.